एका इंजिनाची दोन चरित्रे: चिसितालिया २०२ आणि कुर्ल्याची फियाट

१/
जून १९४७. उत्तर इटलीतील ब्रेशिया शहरातून एक उघडी, बुटकी मोटार शर्यतीसाठी निघाली. चालकाचे वय ५४ वर्षे, फुफ्फुसे धुराने खंगलेली. गाडीचे इंजिन अवघे १०८९ घनसेंटिमीटरचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सीत पुढे कित्येक दशके जे इंजिन धडधडत राहिले, ते याच घराण्यातले. त्या गाडीचा, त्या इंजिनाचा आणि इतिहासात काय जपले जाते या प्रश्नाचा हा धागा.

२/
सुरुवात मात्र इटलीतून नको, वाटूरपासून करू. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यातले हे गाव लागते. जून १९४७ मध्ये हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यात. जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. आगगाडी जवळची म्हणजे परतूरची, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गावरची. संस्थानाची बससेवा १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सुरू झाली होती. एरवी रस्त्यावर राज्य बैलगाडीचेच.

३/
वाटूर येथे आणण्याचे कारण असे की, ब्रेशियाची ती शर्यत बंदिस्त धावपट्टीवर होत नसे. ती गावागावांतून जाणाऱ्या साध्या सार्वजनिक रस्त्यांवरून होई. तिचे नाव ‘मिल्ले मिल्या’, म्हणजे हजार मैल. १९२७ मध्ये ती सुरू झाली. ब्रेशियाहून निघायचे, रोमपर्यंत जायचे आणि परत ब्रेशियाला यायचे. गाड्या ठरावीक अंतराने एकामागून एक सोडल्या जात, त्यामुळे प्रतिस्पर्धी दिसेलच असे नसे. खरी झुंज घड्याळाशी असे.

४/
१९४७ च्या शर्यतीचे अंतर १,८२३ किलोमीटर होते. मुंबईहून नागपूर गाठावे, तसेच माघारी फिरून मुंबईत यावे आणि तरीही काही पल्ला उरावा, एवढे हे अंतर. मध्ये मुक्काम नाही. डोंगरातले घाट, अरुंद पूल, गावातली दगडी गल्ली, वळणावर उभी असलेली माणसे, हे सारे भरधाव ओलांडायचे. वाटूरच्या फाट्यावर पोरेबाळे कडेला उभी आहेत, म्हातारे पारावर बसले आहेत आणि धुळीचा लोट उठवत एक गाडी क्षणात दिसेनाशी झाली, असे दृश्य डोळ्यांपुढे आणले की शर्यतीचे रूप ध्यानात येते.

५/
अशा शर्यतीची किंमतही गावांनीच मोजली. १९३८ मध्ये बोलोन्या शहरात एक गाडी गर्दीत शिरली, प्रेक्षक दगावले आणि मुसोलिनीच्या सरकारने शर्यतीवर बंदी घातली. १९४० मध्ये ती एका आखूड, बंद केलेल्या मार्गावर झाली. त्यानंतर युद्धाने सगळेच थांबवले. म्हणजे १९४७ ची शर्यत ही मूळ स्वरूपात नऊ वर्षांनी परतलेली शर्यत होती.

६/
त्या नऊ वर्षांत इटलीच्या रस्त्यांवरून रणगाडे गेले. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवले. त्या मोहिमेत मराठी मुलूखही होता. कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना ओढून सुरक्षित जागी आणले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यानंतर जेमतेम दोन-तीन वर्षांनी त्याच देशात मोटारींची शर्यत भरत होती.

७/
देश कफल्लक झालेला, कारखाने बॉम्बवर्षावात मोडलेले, पेट्रोल आणि टायर दुर्मीळ. अशा वेळी शर्यतीची नवी गाडी बांधायची तर इंजिन आणायचे कोठून? उत्तर रस्त्यावरच उभे होते. युद्धाआधी सामान्य इटालियन कुटुंबांनी आणि टॅक्सीवाल्यांनी वापरलेली फियाट ११०० ही गाडी देशभर पसरलेली होती. तिचे सुटे भाग गावोगाव मिळत आणि तिचे इंजिन कोणत्याही मेकॅनिकच्या हातातले होते.

८/
या इंजिनाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. १९३७ मध्ये फियाटच्या ‘५०८ सी’ या मोटारीसाठी ते तयार झाले. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. या मापांचा गुणाकार केला की १०८९ घनसेंटिमीटर भरतात. व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये. त्यांना खालून उचलणारे पुशरॉड. शक्ती मूळची केवळ ३२ अश्वशक्ती. डोळे दिपावेत असे त्यात काही नव्हते. पण रचना सुटसुटीत होती आणि जास्त ताण दिला तरी ते सहन करी.

९/
ते घडवण्यामागे प्रमुख डोके होते दान्ते जाकोझा या अभियंत्याचे. छोट्या गाडीत माणसाला जास्तीत जास्त काय देता येईल, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९३६ ची ‘तोपोलिनो’ ही चिमुकली फियाट आणि १९५७ ची नवी फियाट ५०० या दोन्ही त्यांच्याच. काटकसर हा या माणसाच्या कामाचा पाया होता, आणि युद्धानंतरच्या इटलीला नेमकी त्याचीच गरज होती.

१०/
फियाटच्या या सामग्रीवर किती जणांनी हात चालवला, ते पाहण्यासारखे आहे. मोदेनात स्तांग्वेल्लिनी, फ्लोरेन्समध्ये एर्मिनी, फोर्लीमध्ये बांदिनी. लहान गॅरेजे, मोजके कामगार, फियाटचे ब्लॉक आणि स्वतःची कल्पकता. एवढेच कशाला, खुद्द एन्झो फेरारी यांनी स्वतंत्र झाल्यावर बांधलेली पहिली मोटारसुद्धा याच वाटेने आली. १९४० मधील त्या ‘८१५’ गाडीचे आठ सिलिंडरी इंजिन फियाटच्या याच ‘५०८ सी’चे भाग वापरून उभे केले होते. अशा दोनच गाड्या झाल्या.

११/
या सर्वांत मोठे स्वप्न पाहिले ते तुरिनच्या पिएरो दुसियो यांनी. कापडाच्या धंद्यात पैसा मिळवलेले, तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेले, पुढे त्याच संघाचे अध्यक्ष झालेले आणि स्वतः मोटारशर्यतींत उतरलेले हे गृहस्थ. सर्वांना परवडेल अशी, एकसारखी आणि हलकी शर्यतीची गाडी बनवायची, म्हणजे चालकाचे कसब तेवढे उघड होईल, असा त्यांचा विचार. फियाटची नोकरी सांभाळून, युद्धाच्या अखेरच्या काळात, जाकोझांनी त्यांच्यासाठी या गाडीचा आराखडा काढून दिला.

१२/
कंपनीचे नाव चिसितालिया. ‘कोम्पान्यिया इंदुस्त्रियाले स्पोर्तिवा इतालिया’ या लांबलचक नावाचे ते संक्षिप्त रूप. पहिली गाडी ‘डी ४६’. पोलादी नळ्या जोडून केलेला हलका सांगाडा, त्यात फियाटचे सुधारलेले इंजिन, आसन एकच. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरिनच्या व्हालेन्तिनो उद्यानात ती प्रथम धावली आणि ती शर्यत स्वतः दुसियोंनीच जिंकली.

१३/
त्याच शर्यतीत तात्सियो नुव्होलारी हेही चिसितालियाच चालवत होते. धावताधावता त्यांच्या गाडीचे स्टिअरिंग चक्र निखळून हातात आले. त्यांनी उरलेल्या दांड्याच्या आधारे गाडी चालू ठेवली आणि निखळलेले चक्र हवेत हलवत ते प्रेक्षकांपुढून गेले. युद्धपूर्व युरोपातील सर्वांत मोठ्या चालकांपैकी एक असलेला हा माणूस आता थकत चालला होता. वर्षानुवर्षे एक्झॉस्टचा धूर गिळून दमा जडला होता. दोन्ही मुलगे ऐन तारुण्यात गेले होते: एक १९३७ मध्ये, दुसरा १९४६ मध्येच.

१४/
‘डी ४६’ नंतर आली ‘२०२’. तीत दोघांची बैठक होती आणि दीर्घ पल्ल्याच्या शर्यती हे तिचे एक क्षेत्र होते. जाकोझांनंतर काम पुढे नेले जोव्हान्नी साव्होनुत्सी यांनी. बंद छताच्या प्रकाराला अंतिम देखणे रूप पिनिन फारिना यांच्या कारखान्यात मिळाले. बॉनेट मडगार्डांपेक्षा खाली, सारे पृष्ठभाग एकमेकांत विरघळलेले. तोवरच्या गाड्यांत बॉनेट, मडगार्ड, दिवे हे वेगवेगळे जोडल्यासारखे दिसत. येथे सगळे मिळून एकच अंग झाले.

१५/
उघड्या प्रकाराला ‘२०२ एस.एम.एम.’, म्हणजे ‘स्पायडर मिल्ले मिल्या’, असे नाव मिळाले. हीच ती दुर्मीळ गाडी. तिची संख्या विसाच्या आसपास सांगितली जाते. २०२ चे सर्व प्रकार धरले तरी आकडा दोनशेच्या आतच राहतो. इंजिनाची शक्ती ६० अश्वशक्तीच्या आसपास नेलेली. वजन कमी, हवेला अडथळा कमी आणि रस्ता घट्ट धरण्याची ताकद, एवढ्या तीन गोष्टींवर तिची भिस्त होती.

१६/
आता २१ जून १९४७. समोर प्रतिस्पर्धी क्लेमेन्ते बियोन्देत्ती आणि एमिलियो रोमानो. त्यांची गाडी युद्धापूर्वीची अल्फा रोमिओ ८सी २९००. सुपरचार्जर काढलेला होता, तरी इंजिन २९०५ घनसेंटिमीटरचे. म्हणजे चिसितालियाच्या अडीच पटींहून मोठे. सरळ रस्त्यावर या दोघांची बरोबरी संभवत नव्हती. नुव्होलारींना जे मिळवायचे ते वळणांवर, घाटांत आणि ब्रेक उशिरा दाबून.

१७/
आणि ते त्यांनी मिळवले. शेजारी सहचालक फ्रान्चेस्को कारेना. रात्र सरली, अॅपेनाइन पर्वताचे घाट झाले, रोम मागे पडले. परतीच्या वाटेवर ही चिमुकली गाडी साऱ्या शर्यतीत आघाडीवर होती. एका कुटुंबवत्सल मोटारीचे इंजिन घेतलेला आजारी माणूस संपूर्ण इटलीला मागे टाकत निघाला होता. रस्त्याकडेच्या गर्दीला त्यात स्वतःच्या देशाचे चित्र दिसले असेल, तर नवल नाही.

१८/
शेवटच्या टप्प्यात, उत्तरेच्या मैदानात, मुसळधार पाऊस कोसळला. गाडी उघडी. पाणी इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेत शिरले, ठिणगी पडेना आणि गाडी थांबली. ती पुसून, वाळवून पुन्हा सुरू करेपर्यंत मोलाची मिनिटे गेली. बियोन्देत्तींच्या गाडीला छप्पर होते, इंजिन कोरडे होते. ते पुढे निघून गेले. ब्रेशियाला दोघांत अंतर पडले सुमारे १६ मिनिटांचे, तेही सोळा तासांहून अधिक धावल्यानंतर.

१९/
नुव्होलारी दुसरे आले. तिसरा आणि चौथा क्रमांकही चिसितालियाचाच. पहिल्या चारांत तीन गाड्या अकराशेच्या इंजिनाच्या! त्या दिवसानंतर उघड्या २०२ ला लोक ‘नुव्होलारी’ याच नावाने ओळखू लागले. जिंकलेल्या अल्फापेक्षा हरलेली चिसितालिया लोकांच्या लक्षात अधिक राहिली. नुव्होलारी १९५३ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले.

२०/
कंपनीचा अंत मात्र लवकर झाला. दुसियोंनी ग्रां प्री शर्यतींसाठी एक अतिशय गुंतागुंतीची गाडी पोर्शे मंडळींकडून आखून घेतली: बारा सिलिंडर, सुपरचार्जर, चारही चाकांना गती. त्या करारातून मिळालेला पैसा फ्रान्सच्या तुरुंगात असलेल्या फर्डिनांड पोर्शे यांच्या सुटकेसाठी कामी आला, पण गाडीचा खर्च चिसितालियाला पेलवला नाही. दशक संपता संपता कंपनी कर्जात बुडाली आणि दुसियो अर्जेंटिनाला गेले. जे साधेपणाने मिळवले, ते भपक्याने घालवले, असा हा जमाखर्च.

२१/
गाडीचे नशीब मालकापेक्षा बलवत्तर निघाले. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आठ मोटारींचे एक प्रदर्शन भरवले. त्यात चिसितालिया २०२ होती. १९७२ मध्ये तशीच एक गाडी संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात दाखल झाली. चित्रे आणि शिल्पे यांच्या पंगतीत एक मोटार बसली. आज अशा गाड्यांच्या सांगाड्यांचे क्रमांक, मालकांची नावे, धावलेल्या शर्यती, बदललेले भाग, यांच्या नोंदी अभ्यासक जपून ठेवतात.

२२/
आता त्याच १९४७ सालात मुंबईला येऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कारखान्यातून त्या वर्षी पहिली वाहने बाहेर पडत होती. संस्थापक वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, १८८२ चा. रेल्वेची बांधकामे, बोगदे, जहाजे, साखर आणि विमान अशा सर्व क्षेत्रांत हात घातलेला हा उद्योजक. देशात मोटार तयार व्हावी म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासह त्यांनी १९३० च्या दशकापासून खटपट केली. परकीय सरकारचा त्यास पाठिंबा नव्हता. कंपनी अखेर १९४४ मध्ये स्थापन झाली.

२३/
आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. डॉज, प्लिमथ अशा थोराड गाड्यांची जुळणी कुर्ल्यात होई. पण नव्या देशाचे पेट्रोल आणि परकीय चलन मोजके होते, त्याला लहान गाडी हवी होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी फियाटशी संबंध जुळला. आधी चिमुकली ५००, मग १९५४ च्या सुमारास ‘११००’. वालचंद तोवर, एप्रिल १९५३ मध्ये, निवर्तले होते.

२४/
१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने निर्णायक आहे. केवळ सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्यांना थारा नाही, टप्प्याटप्प्याने येथेच भाग बनवणाऱ्यांनाच परवानगी, असे धोरण जकात आयोगाच्या शिफारशीनंतर पक्के झाले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. मैदानात मोजके देशी कारखाने उरले. कुर्ल्याच्या फियाटला दीर्घायुष्य मिळाले ते यातून. पुढची तीन दशके ग्राहकाला पर्याय नव्हता, नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

२५/
त्या पहिल्या गोल पाठीच्या ११०० ला मराठी माणसाने नाव दिले ‘डुक्कर फियाट’. त्यात हेटाळणी कमी आणि लळा जास्त. १९६० च्या दशकाच्या मध्यात कोनदार अंगाची गाडी आली. १९७० च्या दशकात ती इटालियन नाव सोडून आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. इटलीतल्या तशाच गाडीला नंतर १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन बसले, परंतु कुर्ल्याने १०८९ सोडले नाही. ६८ गुणिले ७५ हे माप शतकाच्या अखेरीपर्यंत येथे टिकले.

२६/
येथे एक दक्षता घ्यावी लागते. ‘नुव्होलारीचे इंजिन मुंबईच्या टॅक्सीत’ असे म्हणणे आकर्षक आहे, पण काटेकोर नाही. चिसितालियात कार्ब्युरेटर वेगळे, दाब अधिक, तेलाची सोय शर्यतीसाठी बदललेली. कुर्ल्याचे इंजिनही मधल्या सुधारणांतून गेलेले. एकाचा भाग काढून दुसऱ्यात बसेल असे नाही. म्हणता येते ते एवढेच: मूळ आराखडा एक, मापे एक, घराणे एक. भावकी आहे, जुळी भावंडे नव्हेत.

२७/
नाते दुसऱ्या बाजूनेही सांगता येते. १९५३ ची फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट जिच्यावरून आली ती, स्वतः मिल्ले मिल्यामध्ये धावत असे. साध्या प्रवासी गाड्यांच्या गटात तिचा वेगवान प्रकार मोठ्या संख्येने उतरे. भारतातही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानधावपट्टीवर सुधारलेल्या फियाट शर्यतीत पळत. म्हणजे शर्यत या घराण्याच्या रक्तातच होती. टॅक्सीचा मीटर नंतर आला.

२८/
आणि मीटर आल्यावर जी शर्यत सुरू झाली, ती किती लांबची! पहाटे स्टेशनबाहेर रांग, टपावर जाळीच्या कॅरिअरात बांधलेल्या वळकट्या, स्टिअरिंगखालचा गिअर, पुढच्या लांब सीटवर दाटीने बसलेले प्रवासी. उन्हात पाणी उकळले की बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये बाटली रिती करायची. वर्षाकाठी रिंग-पिस्टन, कधी हेड खोलायचे, कधी सिलिंडर बोअर करायचे. मिल्ले मिल्या एका दिवसात संपे. टॅक्सीची सहनशक्ती रोज मोजली जाई, आणि तिचा निकाल कोणी जाहीर करीत नसे.

२९/
नुव्होलारींना ज्या पाण्याने हरवले, ते तर मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या ओळखीचेच. जुलैत रस्ते तुंबले की डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल शिरे, ठिणगी मरे, गाडी खाकरून थांबे. मग गुडघाभर पाण्यात उभे राहून बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, प्लग साफ करायचे आणि धक्का मारायला चार माणसे बोलवायची. जे ब्रेशियाच्या वाटेवर घडले, त्याची नोंद मोटारशर्यतीच्या इतिहासात आहे. जे मुंबईत दर पावसाळ्यात घडले, त्याची नोंद कोठेच नाही.

३०/
कारखान्यातल्या माणसांचीही गोष्ट अशीच. कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमात सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रीमियर ऑटोमोबाईल्स खटल्यातील निकाल आजही शिकवला जातो. औद्योगिक कलह कायद्यानेच दिलेला हक्क मागायचा तर दाद त्याच कायद्याच्या यंत्रणेकडे मागावी, दिवाणी न्यायालयाकडे नव्हे, हा त्याचा गाभा. न्यायालयापर्यंत गेलेला वाद म्हणून त्या कामगारांचा हा एक कोपरा कागदावर उरला. बाकी हजारो हातांनी काय केले, कसे शिकले, काय खाल्ले, याला कागद नाही.

३१/
पद्मिनीचे उत्पादन शतक सरताना थांबले. टॅक्सींसाठी वयोमर्यादा ठरली आणि २० वर्षे पूर्ण झालेल्या गाड्या एकेक करून रस्त्यावरून उतरल्या. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. त्या दिवसांत वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त केली, लोकांनी छायाचित्रे काढली, निदान एक तरी टॅक्सी जपावी अशी मागणी झाली. लाखांच्या घरात बनलेली गाडी अशी दुर्मीळ होत गेली.

३२/
दुर्मीळ या एका शब्दात येथे दोन वेगळे अर्थ आहेत. चिसितालिया जन्मतःच दुर्मीळ होती. म्हणून पहिल्या दिवसापासून तिच्याकडे डोळे लागले आणि ती जपली गेली. पद्मिनी सर्वत्र होती. म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही आणि ती भंगारात गेली. पहिलीच्या सांगाड्यांच्या क्रमांकांच्या नोंदी जपल्या जातात. दुसरीच्या लाखांत एखाद्या गाडीचे पूर्ण आयुष्य सांगता येईल, इतकी कागदपत्रे हाती लागणे कठीण.

३३/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. राजाचे एक पत्र तीनशे वर्षे टिकते. त्याच राज्यातल्या कुणब्याचा नांगर दोन पिढ्यांत सरपणात जातो. मग जे उरले, त्यावरून आपण काळाचे चित्र काढतो आणि चित्रात राजा मोठा दिसतो. सामान्य वस्तूंचा इतिहास लिहायचा, तर त्या सामान्य असतानाच त्यांची नोंद करावी लागते. दुर्मीळ झाल्यावर फक्त हळहळ हाती राहते.

३४/
आता वाटूरकडे परत. गावाला सांगाडा क्रमांक नसतो. हैदराबाद संस्थान, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. आधी परभणी जिल्हा, नंतर जालना. फाटा त्याच ठिकाणी राहिला आणि त्याच्यावरची सत्ता बदलत गेली. या गावात पहिली मोटार कोणी पाहिली, पहिले गॅरेज कोणी टाकले, मुंबईहून पहिली सेकंडहँड फियाट गावात कोणी आणली, यांची उत्तरे दप्तरात सापडणार नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतात, आणि दरवर्षी थोडी कमी होतात.

३५/
मिल्ले मिल्याही संपली. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो या गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. दोघे स्पर्धक आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले, त्यांत पाच मुले होती. साध्या रस्त्यावरची ती वेगाची शर्यत पुन्हा झाली नाही. विजेत्यांची यादी सर्वत्र मिळते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्या मुलांची आठवण ठेवायला त्यांच्या गावाला पुढे यावे लागले. इतिहासातले हे असंतुलन केवळ आपल्याकडचे नाही.

३६/
म्हणून शेवटी एक विनंती. घरात जुन्या फियाटचे आर. सी. बुक, टॅक्सीचा परवाना, गॅरेजचे पिवळे पडलेले बिल, कुर्ल्याच्या कारखान्याचे ओळखपत्र किंवा गाडीपुढे उभ्या असलेल्या कुटुंबाचे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत देऊ नका. मागे तारीख, गाव आणि माणसाचे नाव लिहून ठेवा. फाट्यावर एखादा जुना मेकॅनिक भेटला, तर त्याला बोलते करा. ते इंजिन कसे उघडायचे, कसे पुसायचे, कसे पुन्हा सुरू करायचे, हे त्याच्या हातांना ठाऊक आहे.

(धागा समाप्त)